घरांतील संगणकाचें दप्तर कोणीं वाचावें ?

परक्याचा कागद वाचण्याची उत्सुकता आणि स्वतःचा कागद वाचण्याचा कंटाळा, हे दोन दोष मनुष्यस्वभावांत बहुधा जोडीनें नांदत असतात. आज आम्ही ज्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तो वरवर पाहतां केवळ यांत्रिक आहे. परंतु त्याच्या मुळाशीं हेच दोन दोष आहेत. तो विषय म्हणजे आपल्या घरांतील संगणकावर ब्राउझरानें ठेविलेलें ‘कुकीं’चें दप्तर, आणि तें डेटाबेसाच्या साध्या आज्ञांनीं वाचण्याची रीत.

नांदेडच्या वजिराबादेंतील किंवा लातूरच्या औसा रस्त्यावरील एखादें सुशिक्षित एकत्र कुटुंब वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. मोबाइल प्रत्येकाच्या हातीं असला, तरी मोठा पडदा आणि छपाईचें यंत्र असलेला संगणक घरांत बहुधा एकच असतो. सकाळीं आजोबा त्यावर आपल्या निवृत्तिवेतनाची चौकशी करितात; दुपारीं सूनबाई माहेरच्या मंडळींस पत्र लिहितात, किंवा स्वतःच्या प्रकृतीविषयीं कांहीं वाचून पाहतात; संध्याकाळीं नातू परीक्षेचा अर्ज भरतो. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळें मराठवाड्याच्या चारी कोपऱ्यांतून मुलें लातुरास शिकावयास येतात, आणि त्यांचे प्रवेशाचे, परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे अर्ज आतां संगणकावरूनच जातात. एकच यंत्र, एकच ब्राउझर आणि तीन पिढ्यांचा व्यवहार ! या व्यवहाराचीं टिपणें एका फाइलींत निमूटपणें सांठत जातात. ती फाइल घरांतील कोणीं लिहिलेली नसते, आणि बहुतेक घरांत ती कोणीं वाचलेलीही नसते.

स्वतःसंबंधींचा कागद स्वतःस वाचतां न येणें म्हणजे काय, हें मराठवाड्यास निराळें सांगावयास नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथील राज्यकारभारांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फारसीची जागा उर्दूनें घेतली, आणि १९१८ सालीं सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही उर्दूंतूनच मिळूं लागलें. कुळकर्ण्याचें जुनें दप्तर मोडींत, कचेरीचा हुकूम उर्दूंत, आणि घरांतील मुलांस परिचय तेवढा बालबोध अक्षरांचा. अशा घरांत आपल्याच शेताचा कागद वाचवून घेण्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागे. वाचणारा प्रामाणिक असला तर ठीक. नसला तर तो सांगेल तेंच खरें मानावें लागे. संगणकांतील या दप्तराविषयीं आज आपल्यापैकीं पदवीधरांच्या घरांचीही स्थिति याहून फारशी वेगळी नाहीं.

ही कुकी म्हणजे काय, तें आधीं पाहूं. संकेतस्थळ आणि ब्राउझर यांच्यामधील संभाषण मूळचें मोठें विसराळू. एक पान मागितलें, तें मिळालें कीं ओळख संपली. दुसरें पान मागावयास तोच मनुष्य आला, तरी संकेतस्थळास तो नवखाच. १९९४ सालीं, म्हणजे नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना ज्या वर्षीं झाली त्याच वर्षीं, अमेरिकेंतील नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली या तरुण अभियंत्यानें यावर तोड काढिली. संकेतस्थळानें ब्राउझराच्या हातीं एक लहानशी चिठ्ठी द्यावी. ब्राउझरानें ती जपून ठेवावी. आणि पुढच्या प्रत्येक भेटींत ती दाखवावी. गुरुद्वाऱ्यांत किंवा मोठ्या देवस्थानांत जोडे ठेवतांना जो बिल्ला मिळतो, तशीच ही गोष्ट. बिल्ल्यावर आपलें नांव नसतें, केवळ एक अंक असतो. परंतु तो दाखविला कीं जोडाघरांतील सेवेकरी आपलेच जोडे काढून देतो. कुकी ही अशीच सुमारें चार हजार अक्षरांपर्यंतची चिठ्ठी आहे. ती स्वतः कांहीं करीत नाहीं; तो विषाणु नव्हे कीं प्रोग्रामही नव्हे. बँकेच्या पानावरून पुढच्या पानावर जातांना पुन्हां पुन्हां परवलीचा शब्द द्यावा लागत नाहीं, हें या चिठ्ठीचेंच उपकार आहेत.

मग तक्रार कशाबद्दल ? तक्रार यजमानाच्या चिठ्ठीबद्दल नाहीं, त्याच्याकडे आलेल्या तिऱ्हाइताच्या चिठ्ठीबद्दल आहे. आपण एखादें वृत्तपत्र उघडलें, तर त्या पानांत जाहिरात कंपनीचाही तुकडा असतो, आणि तो तुकडा आपली स्वतंत्र चिठ्ठी आपल्या ब्राउझरांत ठेवून जातो. उद्यां आपण औषधांविषयींचें संकेतस्थळ उघडलें आणि तेथेंही त्याच कंपनीचा तुकडा असला, तर ती आपली जुनी चिठ्ठी मागून घेते आणि ओळखते कीं, काल तेथें जो होता तोच आज येथें आहे. अशा रीतीनें न सांगतां आपल्या फिरण्याचा नकाशा दुसऱ्याच्या हातीं तयार होतो. ही गोष्ट फेब्रुवारी १९९६ मध्यें लंडनच्या ‘फायनॅन्शियल टाइम्स’नें लोकांपुढें आणिली. १९९७ सालच्या पहिल्या प्रमाणभूत नियमांत अशा तिऱ्हाइत चिठ्ठ्या आपोआप स्वीकारूं नयेत असें सुचविलें होतें. परंतु त्या वेळच्या मोठ्या ब्राउझरांनीं तें मानिलें नाहीं. पुढें सफारीनें २०२० मध्यें तिऱ्हाइत चिठ्ठ्या बंद केल्या. फायरफॉक्सनें २०२२ मध्यें प्रत्येक संकेतस्थळाची बरणी वेगळी ठेवण्याची व्यवस्था सर्वांस लागू केली. आणि क्रोमनें २०२० मध्यें दिलेलें बंदीचें आश्वासन २०२५ मध्यें सोडून दिलें. तेव्हां आपल्या घरांत कोणाच्या चिठ्ठ्या आहेत, हें पाहण्याचें काम अजून घरधन्याकडेच राहिलें आहे.

आतां हें दप्तर वाचावें कसें ? फायरफॉक्स हा ब्राउझर नेटस्केपच्याच वंशांतला. त्याच्या चिठ्ठ्या पूर्वीं साध्या मजकुराच्या फाइलींत असत. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्या ‘कुकीज डॉट एसक्युलाइट’ नांवाच्या फाइलींत राहूं लागल्या. एसक्युलाइट हा एका फाइलींत मावणारा डेटाबेस. डी. रिचर्ड हिप यांनीं तो २००० सालीं प्रसिद्ध केला आणि त्यावरील आपला हक्क सोडून तो सर्वांस मोकळा केला. आपल्या खिशांतील मोबाइलांतही तो आहे. त्यास प्रश्न विचारण्याची भाषा एसक्यूएल. ती १९७४ सालीं आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनीं रचिली, आणि तिचा पाया १९७० सालीं एडगर कॉड यांनीं घातलेल्या कोष्टकांच्या सिद्धांतावर आहे. परंतु या नांवांनीं वाचकांनीं बिचकूं नये. ज्यांच्या घरीं रोजकीर्द आणि खतावणी लिहिली गेली आहे, त्यांस ही भाषा अर्धी येतेच. रोजकिर्दींत व्यवहार घडेल त्या क्रमानें उतरतो. खतावणींत तेच व्यवहार नांवनिशीवार एकत्र येतात. एसक्यूएलचें पुष्कळसें काम म्हणजे रोजकिर्दीवरून हवी तशी खतावणी क्षणांत काढणें.

प्रथम ब्राउझर पूर्णपणें बंद करावा. कारण तो चालू असतां ताज्या नोंदी मुख्य फाइलींत उतरलेल्या नसतात आणि फाइलीस कुलूपही असूं शकतें. फाइलीचें ठिकाण फायरफॉक्सच्या ‘अबाउट:सपोर्ट’ या पानावर ‘प्रोफाइल फोल्डर’ या मथळ्यापुढें मिळतें. तें बंद करण्यापूर्वींच पाहून ठेवावें. नंतर फाइलीची नक्कल करावी, आणि जें कांहीं करावयाचें तें नकलेवरच करावें. मूळ दप्तरास हात न लावण्याचा जुन्या कारकुनांचा नियम येथेंही पाळावा. मग टर्मिनल उघडून ‘एसक्युलाइट३’ या प्रोग्रामास ‘रीडओन्ली’ म्हणजे केवळ वाचण्याचा संकेत देऊन ती नक्कल उघडावी. आम्ही येथें आज्ञा देवनागरींत देत आहों. टंकतांना त्या रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात. ‘.टेबल्स’ म्हटलें कीं कोष्टकाचें नांव दिसतें, ‘मोझ_कुकीज’, ‘.स्कीमा’ म्हटलें कीं त्याचे रकाने दिसतात: ‘होस्ट’ म्हणजे चिठ्ठी कोणाची, ‘नेम’ म्हणजे तिचें नांव, ‘व्हॅल्यू’ म्हणजे तिच्यांतील मजकूर, ‘एक्स्पायरी’ म्हणजे तिची मुदत, ‘क्रिएशनटाइम’ म्हणजे ती जन्मास आली ती वेळ.

खतावणीची आज्ञा एवढीच आहे: ‘सिलेक्ट होस्ट, काउंट(*) फ्रॉम मोझ_कुकीज ग्रुप बाय होस्ट ऑर्डर बाय २ डेस्क;’. म्हणजे, मोझ_कुकीज या कोष्टकांतून प्रत्येक यजमानाचें नांव आणि त्याच्या चिठ्ठ्यांची संख्या काढ, नांवनिशीवार गोळा कर, आणि मोठी संख्या वर ठेवून यादी लाव. शेवटचा अर्धविराम विसरूं नये. तो मिळेपर्यंत प्रोग्राम आपलें बोलणें पुरें झालें असें समजत नाहीं. ही यादी प्रथम पाहतांना बहुतेकांस आश्चर्य वाटतें. आपण ज्यांच्याकडे गेलों त्या दहा-पांच नांवांबरोबर, ज्यांचें नांवही कधीं ऐकिलें नाहीं अशीं नांवें तेथें रांगेनें उभीं असतात. फायरफॉक्सच्या कोष्टकांत ‘ओरिजिनॲट्रिब्यूट्स’ नांवाचा आणखी एक रकाना आहे. वेगळ्या बरणींत ठेविलेल्या तिऱ्हाइत चिठ्ठीच्या बाबतींत ती कोणत्या संकेतस्थळाच्या आडून आली तें त्यावरून कळतें. कोणाच्या पंगतींत कोण अनाहूत येऊन बसला, तें येथें नांवानिशीं लिहिलेलें असतें.

क्रोमचें दप्तरही एसक्युलाइटचेंच आहे. मात्र त्यांतील मजकूर सांकेतिक करून ‘एनक्रिप्टेड_व्हॅल्यू’ या रकान्यांत ठेवितात, आणि यजमान, नांव व वेळ तेवढी उघडी असते. तेथील वेळेची मोजणी १ जानेवारी १६०१ पासून होते, म्हणजे शिवछत्रपतींच्याही जन्मापूर्वींपासून ! फायरफॉक्समध्यें ‘क्रिएशनटाइम’ची मोजणी १ जानेवारी १९७० पासून सेकंदाच्या दहा लाखाव्या अंशांत होते. म्हणून तेथें ‘डेटटाइम(क्रिएशनटाइम/१००००००, ‘युनिक्सइपॉक’, ‘लोकलटाइम’)’ असें लिहावें लागतें. यांतील शेवटचा शब्द गाळला, तर उत्तर ग्रीनिचच्या घड्याळानें येतें, आणि आपल्याकडील मध्यरात्र आदल्या सायंकाळची साडेसहाची वेळ म्हणून दिसते.

ही शेवटची बाब किरकोळ वाटेल. परंतु आमच्या विषयाचा गाभा येथेंच आहे. समजा, घरांतील कोणी वडील मनुष्य कुतूहलानें किंवा संशयानें हें दप्तर उघडून बसला. त्यास एक अप्रशस्त नांव दिसलें, आणि त्याच्यापुढें सायंकाळी साडेसहाची वेळ. त्या वेळीं संगणकापाशीं कोण होतें, याची आठवण करून तो कोणावर तरी ठपका ठेवील. वास्तविक वेळ साडेपांच तासांनीं चुकलेली. तें नांव कोणीं उघडलेलेंच नसेल, एखाद्या निरुपद्रवी पानावरील जाहिरातीबरोबर तें आलेलें असेल. ‘लास्टॲक्सेस्ड’ हा रकाना मनुष्यानें शेवटीं कधीं पाहिलें तें सांगत नाहीं, ब्राउझरानें चिठ्ठी शेवटीं कधीं वापरली तें सांगतो. उलट, जें खरोखर पाहिलें गेलें त्याची नोंद येथें नसणेंही तितकेंच संभवनीय आहे. कारण खासगी खिडकींतील चिठ्ठ्या या फाइलींत उतरत नाहींत, आणि मुदत न घातलेल्या तात्पुरत्या चिठ्ठ्याही या कोष्टकांत नसतात. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, या कोष्टकांत पुष्कळ रकाने असले, तरी ‘कोणीं’ हा रकाना नाहीं. संगणकास यंत्र ओळखतां येतें. आजोबा, सून आणि नातू यांच्यांतील भेद त्याच्या वहींत नसतो. जें वहींत नाहीं, तें वाचणारा आपल्या मनानें भरतो. आणि एकत्र कुटुंबांत मनानें भरलेल्या रकान्याचें ओझें बहुधा कोणाच्या माथीं जातें, तें आम्हीं सांगावयास नको.

सासुरवाशिणीस माहेरून आलेलें पत्र आधीं फोडून, वाचून, मग तिच्या हातीं देण्याची रीत एके काळीं कित्येक घरांत होती. वाचणारे दुष्ट होते असें नव्हे. घरांत आलेला प्रत्येक कागद घराचा, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्या समजुतीनें किती मुलींनीं आपलें खरें दुःख माहेरीं कधींच कळविलें नसेल ! आज ती रीत आपण टाकिली आहे आणि तिच्याबद्दल आपणांस लाज वाटते. मग तीच रीत टर्मिनलाच्या काळ्या खिडकींतून परत घरांत येत असेल, तर तिला शास्त्राचें नांव देऊन आपण दार उघडावें काय ? प्रकृतीविषयीं, नोकरीविषयीं किंवा कायद्याविषयीं एखाद्या सुनेस कांहीं शोधावेंसें वाटलें आणि घरांतील दप्तर वाचलें जातें हें तिला ठाऊक असलें, तर ती शोधणार नाहीं. तिचें होणारें नुकसान कोणत्याही कोष्टकांत दिसणार नाहीं.

कायदा या कामीं कितपत उपयोगी आहे ? २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील सर्वांस बालक मानिलें. त्यांच्या माहितीसाठीं पालकांची खातरजमा केलेली संमति आवश्यक ठरविली. आणि त्यांचा माग काढण्यास व त्यांस हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील बंधनें टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचीं आहेत. लातुरास परीक्षेची तयारी करणारीं बहुतेक मुलें या वयांतलीं असल्यामुळें पालकांनीं हा भाग लक्षांत ठेवावा. परंतु याच कायद्यांत असेंही म्हटलें आहे कीं, एखाद्या व्यक्तीनें स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठीं माहिती हाताळली तर हा कायदा तेथें लागू नाहीं. म्हणजे कंपनीस जाब विचारणारा हा कायदा घराच्या उंबरठ्याशीं थांबतो. उंबरठ्याच्या आंत काय योग्य तें ठरविण्याचें काम घरांतील मोठ्या माणसांच्या विवेकावर सोपविलेलें आहे.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. संगणक एक असला, तरी त्यावर प्रत्येकाचें खातें निराळें आणि परवलीच्या शब्दासह असावें. असें केलें कीं प्रत्येकाचें दप्तर आपोआप निराळें होतें. ज्यानें त्यानें आपलें दप्तर वाचावें. मुलांस ही विद्या अवश्य शिकवावी; मात्र मुलाचें दप्तर त्याच्या पाठीमागें न उघडतां त्याच्या शेजारीं बसून उघडावें आणि आज्ञा त्यालाच टंकूं द्याव्या. आपण परीक्षेचा अर्ज भरावयास गेलों असतां किती अनोळखी मंडळींनीं आपल्या अंगणांत पावलें उमटविलीं, हें त्याच्या डोळ्यांनीं त्यास दिसलें, म्हणजे दहा उपदेशांचें काम होईल. मग तिऱ्हाइत चिठ्ठ्या बंद करण्याची व्यवस्था ब्राउझराच्या ‘सेटिंग्ज’मध्यें त्यालाच शोधावयास सांगावी. डेटाबेसांतील ओळी हातानें खोडण्यापेक्षां नको त्या चिठ्ठ्या तेथूनच काढणें सुरक्षित.

आणखी एक इशारा. ‘व्हॅल्यू’ हा रकाना यादींत कधीं मागूं नये, आणि नक्कल केलेली फाइल कोणासही धाडूं नये. मग तो मदतीचा कितीही आग्रह करो. वर सांगितलेला बिल्ला येथें आठवावा: सेवेकरी चेहरा पाहत नाहीं, बिल्ला पाहतो. ज्याच्या हातीं आपल्या टपालखात्याची किंवा दुकानाच्या खात्याची चालू चिठ्ठी गेली, तो परवलीचा शब्द न जाणतांही पुष्कळदां आंत शिरूं शकतो. काम संपतांच ती नक्कल नष्ट करावी. नेट-कॅफेंत अर्ज भरतांना खासगी खिडकी वापरावी, आणि उठण्यापूर्वीं ‘लॉग आउट’ करून ती खिडकी बंद करावी; नाहींतर आपला बिल्ला तेथल्या टेबलावरच राहील.

आपल्या आजोबांच्या पिढीनें मोडी आणि उर्दू कागदांपुढें जी पराधीनता सोसली, ती आपल्या मुलांनीं या नव्या दप्तरापुढें सोसूं नये, एवढ्यासाठीं हा प्रपंच. एका रविवारीं तासभर बसलें, तर या चार आज्ञा कोणासही साधतील. मात्र वाचावयास शिकणें हा साक्षरतेचा एक अर्धा भाग झाला. हातीं आलेला कागद आपला नसेल, तर वाचतां येत असूनही तो न उघडतां ज्याचा त्यास देणें, हा दुसरा. आणि घराचें घरपण या दुसऱ्या भागावर अधिक अवलंबून असतें.